मॅटरहॉर्न: लांबून सुळका, जवळून घसारा

मागच्या अंकात आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर दीड पान लिहिलं होतं. उंची ४४७८ मीटर, स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर, चार कडे, चार धारा, पहिली चढाई १८६५ मध्ये. ऐवज एवढाच. त्यावर जी पत्रं आली ती मिळून लेखाच्या चौपट भरली. एका आजोबांनी तर भाचीच्या फोनवरून प्रश्न बोलून पाठवला, मागे कुकरच्या शिट्ट्यांसह. त्यातले काही प्रश्न आणि माझी उत्तरं या वेळी देते.

प्रश्न: ताई, मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. हिमनदीच्या धड्यात ‘गिरिशृंग’ म्हणून मॅटरहॉर्नचंच उदाहरण देतो. परवा एका मुलीने विचारलं, ‘सर, या डोंगराचा माथा आफ्रिकेतला आहे असं वाचलं, खरं का?’ मला सांगता येईना. काय सांगू? – एक शिक्षक, सातारा

सर, आधी त्या मुलीची पाठ थोपटा. तिने वाचलंय ते खरं आहे, फक्त एक दुरुस्ती हवी.

युरोप आणि आफ्रिका यांच्यामध्ये एके काळी टेथिस समुद्र होता. आफ्रिकेच्या बाजूने सुटलेला भूपट्टाचा एक लहान तुकडा, ज्याला भूशास्त्रज्ञ एड्रिया म्हणतात, उत्तरेकडे सरकला, मधला समुद्र मिटला आणि त्या तुकड्याचा खडक समुद्रतळाच्या खडकावर चढून बसला. मॅटरहॉर्नचा माथा आणि वरचा सगळा सुळका त्या एड्रियाच्या नाइस खडकाचा. त्याच्या पायथ्याशी मिटलेल्या समुद्राचा तळ आहे. म्हणजे आजच्या नकाशातल्या आफ्रिकेतून कोणी दगड आणून ठेवलेला नाही, पण कूळ त्या बाजूचं.

मुलांना यातली गंमत सांगायची तर सह्याद्रीशी तुलना करून सांगा. आपल्याकडे लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. कुठलाही कडा बघा, खालचा थर जुना, वरचा नवा. मॅटरहॉर्नचं उलटं आहे, तिथे वरचा मजला तळमजल्यापेक्षा जुना. आमच्या गल्लीत एका वाड्याचं असंच झालं होतं, पण ते बिल्डरच्या कृपेने.

आकार मात्र आफ्रिकेने दिलेला नाही. तो बर्फाने दिला. डोंगराच्या प्रत्येक अंगाला हिमनदी, प्रत्येकीने आपापलं हिमगव्हर, म्हणजे वाटीसारखा खोलगा, खरवडला, गव्हरांच्या पाठभिंती मागे मागे सरकल्या. दोन गव्हरांच्या मध्ये उरली ती धार, तुमच्या पुस्तकातलं शुककूट. सगळ्या धारा जिथे भेटल्या तो गिरिशृंग. मी एका शाळेत हे शाडूच्या ओल्या गोळ्यावर करून दाखवलं होतं. चार मुलांना चार चमचे दिले आणि आपापल्या बाजूने मध्याकडे खरवडायला सांगितलं. धारा कोणी बनवल्या नाहीत, त्या आपोआप उरल्या. करून बघा, वर्ग मात्र नंतर तुम्हालाच झाडावा लागेल.

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांचा आहे. लिंगाणा दोनदा, माहुलीचा वजीर, अलंग-मदन-कुलंग झालंय. पुढच्या वर्षी मॅटरहॉर्नचा प्लॅन आहे. मी बघितलं, नेहमीच्या वाटेची ग्रेड काही फार नाही. गाइडशिवाय जमेल ना? – एक ट्रेकर, डोंबिवली

नाही. आता सविस्तर.

ग्रेडबद्दल तू बरोबर आहेस. झरमॅट या पायथ्याच्या स्विस गावाच्या बाजूची हॉर्नली धार ही नेहमीची वाट. तिच्यावरचा सगळ्यात अवघड कातळ तिसऱ्या श्रेणीच्या आसपासचा आणि जिथे खरंच अडतं तिथे मनगटाएवढे जाड दोर कायमचे बांधून ठेवलेत. यातली एकेक चाल तू वजीरवर हसत केली असशील. गोम ‘एकेक’ या शब्दात आहे.

आपला सुळका म्हणजे काही शे फूट. पहिला आरोही चढतो, खालचा बिले देतो म्हणजे त्याचा दोर सांभाळतो, कातळात ठोकलेला बोल्ट सापडतो, दोर लागतो, बाकीचे एकेक करून येतात, संध्याकाळी गावात पिठलं-भाकरी. हॉर्नलीची झोपडी आहे ३२६० मीटरवर. तिथून माथा बाराशे मीटर वर, आणि हा सगळा कातळ, बर्फ आणि घसारा. प्रत्येक दोरलांबीला थांबून बिले द्यायला लागलास तर अंधार तुला वरच गाठेल. म्हणून तिथे दोघं आखूड दोराने एकमेकांना बांधून एकाच वेळी चालतात. दोर कपारीला, दगडाच्या शिंगाला घालत, काढत, पुन्हा घालत. एक गाइड आणि त्याच्यामागे एकच माणूस, दुसरा नाही. हे एकत्र चालणं आपण सह्याद्रीत शिकतच नाही. आपल्याला त्याची गरज पडत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. खालून बघितलं की धार पट्टीने आखल्यासारखी दिसते. वाटतं, धारेवरून चालत सुटायचं. प्रत्यक्षात वाट बराच वेळ धारेच्या डाव्या अंगाला, पूर्वेच्या कड्यात घुसलेली असते आणि दगडांच्या राशींमधून वळवळत जाते. निघायचं पहाटे चारच्या सुमारास, बॅटरीच्या उजेडात. झोपडीचं दार उघडल्यावर आधी गावातले गाइड निघतात, बाकीच्यांनी मागून निघायचं. फसव्या पायवाटाही पुष्कळ आहेत, चुकलेल्यांनीच पाडलेल्या. त्यांच्या मागे मागे जाऊन तूही चुकतोस, आणि वाट सुटली की सगळंच हलायला लागतं. हात घातला तो होल्ड हातातच येतो.

हे तुला नवीन नाही. घसारा, मुरूम, निखळलेला कातळ आपल्या पाचवीला पुजलेले. पण ढाकच्या कपारीत तुझ्या डोक्यावर वानरं असतात. इथे साठ-सत्तर माणसं असतात, आणि प्रत्येकाच्या बुटाखाली एक सुटा दगड. लांबून जो सुळका दिसतो तो जवळून बघितला तर बर्फाने सांधून ठेवलेला दगडांचा ढीग आहे. फटीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि खडक उचकटतं. पण आत कायम गोठून राहिलेला बर्फ त्याच खडकाला धरूनही ठेवतो. उन्हाळे तापायला लागले तसा हा सांधा सुटायला लागला. जुलै २००३ च्या उष्ण लाटेत हॉर्नली धारेचा एक भाग कोसळला, वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं आणि वाट काही दिवस बंद राहिली. २००८ पासून शास्त्रज्ञांनी त्या धारेवर संवेदक बसवलेत. फटी किती रुंदावतात, खडक किती तापतो, हे ते वर्षभर मोजतात. २०२२ च्या उन्हाळ्यात गाइडांनी काही काळ लोकांना वर नेणंच थांबवलं होतं. त्यामुळे तुझ्या प्लॅनमध्ये तारीख एक नको, आठवडा मोकळा ठेव. नाही म्हणाले तर भांडू नकोस.

आणि उतार. हा मुद्दा वाचून विसरू नकोस. इथे उतरायला चढण्याएवढाच वेळ लागतो, दमलेल्याला जास्तच. दोर टाकून सुर्रकन खाली यायची सोय अख्ख्या धारेवर नाही. तोंड दरीकडे, पायाखाली हजार मीटर मोकळे, मांड्या थरथरताहेत आणि सकाळी अंधारात न दिसलेलं सगळं आता लख्ख दिसतंय. दृष्टिभय म्हणजे काय ते मला लिंगाण्यावर कळलं नव्हतं, तिथे उतरताना कळलं. १८६५ पासून या डोंगरावर पाचशेहून जास्त माणसांचा जीव गेलाय.

मग काय करायचं? उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स हे दोन्ही कोर्स कर, म्हणजे क्रॅम्पॉन, बर्फासाठी बुटाखाली बांधायचे ते अणकुचीदार दात, पायाला बोचेनासे होतील. मग क्रॅम्पॉन घालून कातळावर चालायला शीक, त्याचा कर्रकर्र आवाज पहिल्यांदा दातात जातो. क्लाइंबिंग शूज घरी ठेव, जाड बुटांनी सोपा कातळ चढ आणि उतर, पाच-सहा तास, पाठीवर सॅक घेऊन. झरमॅटला पोचलास की गाइडबरोबर आधी तिथलाच रिफेलहॉर्न डोंगर कर, शेजारच्या ब्राइटहॉर्नची अर्धी धार कर. तो तुझे पाय बघेल. हात बघणार नाही.

प्रश्न: पहिल्या चढाईत दोर तुटला की कापला? माझ्या वडिलांनी लहानपणी ही गोष्ट ‘दोर कापला’ अशीच सांगितली होती. – एक वाचक, इंदूर

वडिलांची गोष्ट युरोपात त्यांच्याही आधीपासून सांगितली जाते.

१४ जुलै १८६५. सात जण माथ्यावर पोचले. पंचवीस वर्षांचा इंग्रज एडवर्ड व्हिम्पर, पाद्री चार्ल्स हडसन, अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, एकोणीस वर्षांचा नवखा डग्लस हॅडो, शामोनीचा गाइड मिशेल क्रो आणि झरमॅटचे पीटर टाउगवाल्डर बाप-लेक. त्याच दिवशी इटलीच्या बाजूने झाँ-आंत्वान कारेलची तुकडी चढत होती. व्हिम्परने माथ्यावरून खाली पाहिलं तर ते बरेच खाली. आपण जिंकलो हे त्यांना कळावं म्हणून त्याने चक्क दगड ढकलले. माणूस मोठा गिर्यारोहक होता, पण हे वाचून मला दरवेळी त्याचा रागच येतो. कारेल परत फिरला आणि तीन दिवसांनी, १७ तारखेला, आपल्या बाजूने माथ्यावर गेलाच.

उतरताना सातही जण एकाच दोरात. सगळ्यात पुढे क्रो, मग हॅडो, हडसन, डग्लस, थोरला टाउगवाल्डर, व्हिम्पर, धाकटा टाउगवाल्डर. हॅडोला पाय ठेवता येत नव्हते. क्रोने आपली कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि तो हाताने त्याचे पाय धरून एकेका खोबणीत ठेवत होता. ते करून तो वळला आणि हॅडो त्याच्यावर घसरला. दोघांनी हडसनला ओढलं, हडसनने डग्लसला. डग्लस आणि थोरला टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघं उत्तरेच्या कड्यावरून खालच्या हिमनदीवर. डग्लसचा देह आजवर मिळालेला नाही.

चौकशी झाली, टाउगवाल्डर निर्दोष ठरला. पण वर्षानुवर्षं लोक कुजबुजत राहिले की त्याने स्वतःला वाचवायला दोर कापला. तो तुटका तुकडा झरमॅटच्या संग्रहालयात काचेत ठेवलाय. मी काचेला नाक लावून पाहिला. टोक सुरीने कापल्यासारखं नाही, पिंजलेलं आहे. आणि किती बारीक! आमच्याकडे असा दोर वाळवणाला बांधतात. बरोबर आणलेल्या तीन प्रकारच्या दोरांपैकी हा सगळ्यात कच्चा, खरं तर राखीव म्हणून घेतलेला. तोच तिथे का बांधला, यावर अजून वाद घालतात. माझ्या मते दोर जाड असता तर कदाचित सातही गेले असते. कारण दोर कपारीला नव्हता, माणसाला होता.

प्रश्न: त्या काळी बायका चढल्या का? – एक वाचक, नागपूर

चढल्या. २२ जुलै १८७१ ला ल्युसी वॉकर माथ्यावर पोचली, घोळदार स्कर्टमध्ये. तिच्या आधी १८६७ मध्ये इटलीच्या बाजूने फेलिसिते कारेल माथ्याच्या शंभरेक मीटर खालपर्यंत गेली होती. वाऱ्यात तिचा घागरा फुगून पुढे जाणं अशक्य झालं असं सांगतात. त्या जागेला तिचं नाव आहे. नऊवारीत कडे उतरलेल्या आपल्या हिरकणीची आठवण मला तिथे फार झाली, तरी कासोटा या बाबतीत स्कर्टपेक्षा शहाणा.

प्रश्न: मी सायकलवरून कन्याकुमारी केली. सायकलवर जाऊन मॅटरहॉर्न चढलेले कोणी आहेत? – एक सायकलपटू, कोल्हापूर

आहेत, आणि साध्यासुध्या वाटेने नव्हे. फ्रान्झ आणि टोनी श्मिड हे भाऊ म्युनिकहून सायकलवर आले आणि ३१ जुलै ते १ ऑगस्ट १९३१ या दोन दिवसांत, कड्यावरच एक रात्र काढून, तोवर कोणालाही न जमलेला उत्तर कडा चढले. मग सायकलवरच परत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांना गिर्यारोहणासाठी सुवर्णपदक दिलं गेलं. टोनी ते बघायला राहिला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका डोंगरावर त्याचा जीव गेला.

प्रश्न: (आवाजातून) मुलाने युरोपची टूर काढलीय. वय ७३, गुडघे दोन्ही बोलतात. झरमॅटला एकच दिवस आहे. डोंगर नीट कुठून दिसेल? आणि त्या त्रिकोणी चॉकलेटवर आहे तो हाच का? – एक आजोबा, ठाणे

आजोबा, झरमॅट गाव आपल्या कळसूबाईच्या उंचीच्या आसपास आहे आणि माथेरानसारखीच तिथे गाड्यांना बंदी. मोटारी टेशला ठेवून रेल्वेने यायचं. मग गोर्नरग्राटची दातेरी रुळांची गाडी पकडा. १८९८ पासून चालू आहे, थेट ३०८९ मीटरवर सोडते, गुडघ्यांना कामच नाही. वर श्वास लागेल, सावकाश चाला, पहिल्या उत्साहात फोटोसाठी पळू नका. हृदयाचं काही असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

मात्र सकाळची पहिली गाडी घ्या. टूरवाले नाश्त्यात नऊ वाजवतात, तेव्हा भांडा. दुपारकडे सुळक्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला ढग चिकटतो आणि झेंड्यासारखा फडकत राहतो, वारा असूनही हटत नाही, कारण तो तिथल्या तिथे नवा तयार होत असतो. दिसायला सुंदर, पण डोंगर अर्धा जातो. परतताना रोटेनबोडेनला उतरलात तर थोड्या उतारावर रिफेलझे नावाचं तळं आहे. वारा पडलेला असेल तर त्यात डोंगर उलटा दिसतो. तो उतार तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरवा.

चॉकलेटवरचा तोच. आता मात्र डब्यावर त्याच्या जागी साधासा डोंगर आलाय. काही उत्पादन देशाबाहेर न्यायचं ठरलं, आणि स्विस कायद्याप्रमाणे मग देशाची अशी खूण वापरता येत नाही. नातवंडांना जुना डबा असेल तर जपून ठेवायला सांगा. आणि हो, एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या काळात या कड्यावर प्रकाशाने वेगवेगळ्या देशांचे झेंडे दाखवत, त्यात एका रात्री आपला तिरंगाही होता.

प्रश्न: ताई, तुम्ही माथ्यावर उभ्या राहिलात तेव्हा मनात काय आलं? – एक विद्यार्थिनी, बारामती

मी माथ्यावर उभी राहिलेले नाही. मागच्या लेखात मी तसं लिहिलं नव्हतं, पण तसं वाटू दिलं असेन. चूक माझी.

ऑगस्ट २००४. मी ४३ वर्षांची, बँकेतून तीन आठवड्यांची रजा, दोन वर्षांची बचत. पहाटे चारला झोपडीतून निघालो. गाइड माझ्याहून वयाने मोठा, बोलणं मोजकं, दोर कधी सैल नाही. चार हजार तीन मीटरवर सॉल्व्हेची लाकडी खोली आहे, दहा माणसांची, फक्त संकटात वापरायची. एका बेल्जियन उद्योगपतीच्या पैशांतून १९१५ मध्ये धारेवर बांधलेली, घार बसल्यासारखी. तिच्या आधी आणि नंतर एकेक गुळगुळीत कातळटप्पा, मोझलीचे. १८७९ मध्ये तिथून पडलेल्या अमेरिकन डॉक्टरचं नाव. खालचा टप्पा चढून मी खोलीच्या फळीवर बसले तेव्हा सात वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. गाइडने घड्याळ माझ्यासमोर धरलं. तीन तासांच्या आत इथे पोचायला हवं होतं. त्याने मला चहा दिला, माझा चहा होईपर्यंत थांबला आणि मग बोटाने खाली दाखवलं.

मी वाद घातला. हवा स्वच्छ होती, माथा दिसत होता. त्याने उत्तर दिलं नाही, दोराची गुंडाळी बदलली, मला पुढे घेतलं आणि स्वतः मागे राहिला. उतरताना माणूस तसाच बांधतात.

झोपडीच्या अंगणात पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं. म्हणजे चढायला तीन तास पंचवीस मिनिटं आणि तेच अंतर उतरायला, चहा वजा करून, साडेचार तास. बँकेत आयुष्य गेलं, हिशेब पुन्हा तपासायची खोड आहे. परतीच्या विमानात नॅपकिनवर मांडला. माथ्यापर्यंत आणखी किमान तीन तास, तिथून खाली सात-आठ, म्हणजे संध्याकाळचे सहा तरी. त्या दिवशी साडेतीनला धारेवर ढग बसला आणि वीज कडाडली, ती मी खिडकीतून पाहिली. तो नॅपकिन अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून काढते आणि चूक शोधते.